पाकिटातला सहावा कंद

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी शेवटची ओळ वाचायला जाशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. एरवी आपण दोघी वाढदिवसाच्या चार ओळींपलीकडे जात नाही. पण आज तुझ्या खात्यातलं काम निघालंय.

तुझा दादा गेले काही महिने जेवायला फार नखरे करतोय. दाताची तक्रार आहे. भात नको, ब्रेड नको, अंडं नको, सूप केलं तर वाटी तशीच परत. परवा त्याच्याबरोबर लिफ्टच्या दुरुस्तीला जाणारे मुकादम भेटायला आले. येताना चिप्सचं एक पाकीट घेऊन आले. आजारी माणसाला भेटायला जाताना कोणी चिप्स नेतं का, पण मुकादमांना कोण सांगणार. (आजारी म्हणजे दाताचा आजारी.) बटाट्याचे नव्हेत, तऱ्हेतऱ्हेच्या कंदांचे. पाकिटावर नुसतं 'मिश्र कंदमुळे' एवढंच छापलंय.

तर बारके, त्यातल्या सहा प्रकारांपैकी एकच प्रकार हा माणूस खातो. मी शर्टाची बटणं निवडते ना, तसा ताटलीत बोट फिरवत निवडत बसतो. बाकीचे बाजूला सारतो. पाकीट संपलं तर स्वतः कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं आणलंन. कित्येक दिवसांत स्वतःहून घराबाहेर पडला तो तेव्हा.

मला तो कंद कुठला ते सांग. मिळाला तर घरी आणून उकडून, भाजून, जसं जमेल तसं करून घालीन. त्याला विचारलं तर म्हणतो, "पांढरा." आमच्या भाजीवाल्याला विचारलं तर म्हणतो, "बटाटाच असणार, वेगळा कापलाय." तू रोज खाण्याच्या वस्तू भिंगाखाली घालतेस, तुला कळेल.

सहाही प्रकार कापसात गुंडाळून पाठवतेय. प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवून कागदावर आकारही काढलाय, कापडावर बेतावा तसा. सहावा तो. लहान, गोल, जवळजवळ बिनरंगाचा. त्यावर बारीक ठिपके आहेत असं मला वाटतं, पण ते मिरपुडीचेही असतील.

फोन करू नकोस. घर केवढं ते तुला माहीत आहे, या खोलीत कुजबुजलं तरी त्या खोलीत ऐकू जातं. मी तुला लिहिलंय हे त्याला माहीत नाही. उत्तर शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पोस्टाने तुझ्या कापसाचा मान ठेवला नाही. बीट आणि रताळं तेवढी शाबूत आली, बाकी चौघांचा भुगा. पण तुझे आकार बघून आमच्या प्रयोगशाळेतली सगळी माणसं गोळा झाली. इतकी स्वच्छ रेघ आमच्यातल्या कोणाच्या हातून येत नाही.

आता तुझं काम. कंद ओळखायचा तर आम्ही त्यातल्या पिठाचे कण बघतो. प्रत्येक कंदाच्या पिठाचा कण वेगळा असतो, बटाट्याचा शिंपल्यासारखा, शाबूकंदाचा तळ कापलेल्या घंटेसारखा. पण तेलात तळलं की हे कण फुगून फुटतात आणि सगळ्यांची एकच चिकट लापशी होते. म्हणजे चिप्स हा आमच्यासाठी सगळ्यात वाईट पदार्थ. मग दुसऱ्या खुणा शोधायच्या. तुझ्या भुग्यात मला एक खूण सापडली, सुयांच्या जुडग्यांसारखे बारीक स्फटिक. ते तळूनही जात नाहीत. अशा सुया अळकुडीत असतात, अळूच्या कंदात. तू म्हणतेस ते ठिपकेही अळकुडीचेच वाटतात. तेव्हा माझा अंदाज, अळकुडी. भाजीवाल्याकडे मिळेल.

पण नीट ऐक. त्याच सुयांनी घसा खाजतो. चांगली मऊ होईपर्यंत उकड, ते पाणी फेकून दे, अर्धवट शिजलेली अजिबात नको.

दाताचं काय एवढं? तो दाताच्या डॉक्टरकडे गेलाय की नेहमीसारखा लवंग धरून बसलाय? मला विचारायचा हक्क नाही, माहीत आहे. बाबा गेल्याचं मला ते गेल्यावर कळलं, तेव्हापासून त्या घरातल्या बातम्या मी मागत नाही. ज्याने कळवलं नाही त्याच्याशी बोलतही नाही. पण तू स्वतःहून लिहिलंस, म्हणून विचारलं. दात बरा झाला की सांग.

बारकी


२ मार्च

प्रिय बारके,

घाईत लिहितेय. अळकुडी मिळाली, उकडली, कुस्करून दिली. ती नव्हे. घशाला थोडं लागलं त्याच्या. आता ठीक आहे. तुझी चूक काही नाही, माझीच उकडण्यात कसर राहिली असेल.

दुसरं पाकीट पाठवीन, जरा दिवस जाऊ देत. तोवर तूही लिहू नकोस, मी आठवडाभर दुकानात नाही. इथल्या बाकावर बसून मांडीवर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. पेन इथल्या नर्सबाईंचं आहे, त्या परत मागायला उभ्या आहेत.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

तू लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. दुकानात पडून राहिलं तर राहू दे, येशील तेव्हा वाच.

तुझी दोन्ही पत्रं मी समोरासमोर ठेवून वाचली. ज्याचा दात दुखतो तो माणूस भात सोडून कुरकुरीत चिप्स खाईल का? हे मला पहिल्याच पत्रात दिसायला हवं होतं. मी कंद बघत बसले आणि माणूस बघितला नाही. आणि नर्सबाई दाताच्या दवाखान्यातल्या बाकाजवळ पेन घेऊन उभ्या नसतात.

मला इतकंच सांग. तो ते काप चावतो, की तोंडात धरून विरघळवतो? तू त्याला खाताना बघितलं आहेस, म्हणजे तुला माहीत आहे.

आणि वहिनी, मला हे पुन्हा नंतर कळवू नका. बाबांच्या वेळी मी बसमधून उतरले तेव्हा दारासमोर चपलांचा ढीग होता, त्यावरून मला कळलं. दादाचं तुला जे काय सांगायचं असेल ते आता सांग. मला राग आलेला नाही. म्हणजे आलाय, पण तो तू वाचून होईपर्यंत जाईल.

बारकी


१६ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र दुकानात कात्रीखाली ठेवलेलं मिळालं. दोनदा वाचलं. मग गिऱ्हाइकाच्या पँटची एक बाजू उलटी शिवली, ती उसवली आणि आता लिहायला बसलेय.

विरघळवतो. घोटभर पाणी घेतो, काप जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो आणि वाट बघतो.

त्याच्या घशात गाठ निघाली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. आवाज बसला होता, आम्हाला वाटलं लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ. गाठ कापायला अवघड जागी होती, म्हणून किरणांचे उपचार दिले. ते संपले. डॉक्टर म्हणतात गाठ आकसली आहे, पूर्ण गेली का ते उन्हाळ्यातल्या तपासणीत कळेल. पण त्या किरणांनी तोंडातली लाळ आटली आणि चव गेली. गेली म्हणजे नुसती गेली नाही. काहीही खाल्लं तरी तोंडात लोखंडाचा तुकडा धरल्यासारखं लागतं म्हणतो. आयुष्यभर लोखंडात काम केलं, आता ताटातही तेच. हे तो हसत सांगतो. कुजबुजत, कारण आवाज अजून आला नाही.

त्या एका कापाला लोखंडाची चव नाही. त्याला कसलीच चव नाही. म्हणून तो.

अळकुडीचं सगळं सांगते. तुला वाईट वाटेल, पण तू खरं मागितलंस. मी तू सांगितलंस तशीच उकडली, पाणी फेकलं. धडधाकट माणसाला काही झालं नसतं, मी स्वतः खाल्ली, मला काही झालं नाही. त्याचा घसा आतून सोललेला होता आणि ते मी तुला सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या चमच्यालाच त्याने मान धरली. घसा सुजला, श्वासाला घरघर लागली. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. आता घरी आलाय, पण नाकातून नळी घालून. तिच्यातून पातळ अन्न देते.

तुला का कळवलं नाही? त्याने मला शपथ घातली. म्हणाला, "तिला कळवायचं नाही. ती येईल आणि माझ्याकडे बघत बसेल. मला ते नको." मी म्हटलं, "अरे, ती बहीण आहे तुझी." तर म्हणाला, "म्हणूनच." मग मी ही चिप्सची वाट काढली. शपथ आजाराची होती, चिप्सची नव्हती. माझ्या मनाशी मी एवढाच हिशेब केला.

आता घाई का आहे ते ऐक. दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणतात, नळी आहे म्हणून त्याने तोंडाने घेणं सोडलं तर घसा गिळायचंच विसरेल. मग पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवावी लागेल. एप्रिलच्या शेवटी ठरवणार. तोवर दिवसातून थोडं थोडं काहीतरी तोंडाने गेलं पाहिजे. त्यांनी दिलेली पाणी घट्ट करायची पावडर त्याला लोखंडाचीच लागते, थुंकून टाकतो. मी चिडले की भिंतीकडे तोंड करतो.

नवीन पाकीट पाठवतेय. या वेळी प्रत्येक प्रकार बटणांच्या वेगळ्या डबीत घातलाय आणि डब्यांभोवती अस्तराच्या चिंध्या कोंबल्यात. सहाव्या डबीत काप जरा जास्त आहेत.

माझ्यावर रागाव हवं तर. पण आधी डबी उघड.

वहिनी


२५ मार्च

प्रिय वहिनी,

एकही काप मोडला नाही. तुझ्या चिंध्यांना पोस्ट घाबरलं.

आधी कंद. सहाव्या डबीत सुया नाहीत, एकही नाही. त्या तिसऱ्या डबीत आहेत. अळकुडी पाकिटात होतीच, पण ती तिसरी. पहिल्या वेळी सगळ्यांचा भुगा एकत्र झाला होता आणि मी तिसऱ्याच्या सुया सहाव्याच्या नावावर लिहिल्या. मिसळलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हे आम्ही कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. मी दादाच्या बाबतीत ते पाळलं नाही. याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिलं तर तुलाच माझी समजूत काढावी लागेल आणि तुला तेवढं एकच काम नाही.

सहाव्याच्या कडेला बारीक कंगोरा आहे, कंदाला वेढून खवले असतात त्यांची खूण. एक काप जाड कापला गेला होता, त्याचा मधला भाग नीट तळला गेला नव्हता. तिथे मला पिठाचे थोडे कण धड सापडले. लांबट, आणि मधोमध पंख पसरलेल्या पाखरासारखी चीर. असा कण बघितला की शंका उरत नाही. तरी या वेळी मी कारखान्यात फोन करून विचारलं. तिथल्या माणसाने आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "बाई, तुम्ही दुसऱ्या कंपनीतल्या तर नाही ना?" मी म्हटलं, "माझा भाऊ तुमचा एकच काप खातो, बाकीचे टाकतो." मग त्याने सांगितलं.

आरारूट आहे, वहिनी. डबीत पांढरी पावडर मिळते, ती याचीच, पण दुकानातल्या पावडरीत पुष्कळदा दुसरंच पीठ मिसळलेलं असतं. आपण कंदापासून काढू. किसायचा, पाण्यात कालवायचा, गाळायचा, खाली पीठ बसतं ते वाळवायचं. गरम पाण्यात शिजवलं की पारदर्शक, घट्ट, गुळगुळीत होतं. दुधात नको, तार सुटते. आणि चव कसलीच नाही.

पण या वेळी माझ्या शब्दावर एक चमचाही देऊ नकोस. त्या गिळण्याच्या बाईंना सोबतची चिठ्ठी दाखव. किती घट्ट, किती कोमट, किती द्यायचं ते त्यांना ठरवू दे. त्या नको म्हणाल्या तर नको.

कारखान्याला कंद पुरवणारा शेतकरी इथून बसने दोन तासांवर आहे. रविवारी जाऊन एक पिशवी आणते. पोस्टाने पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येतेय, पुढच्या शनिवारी दुपारी. त्याला आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. शपथ तुला घातली आहे, मला नाही.

त्याला सांगायचंच झालं तर सांग, मी बघत बसणार नाही. मला किसायचं आहे.

बारकी


१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

पोचले. बसमध्ये एका बाईने माझी रिकामी पिशवी हुंगून विचारलं, यात माती होती का. झोप लागली नाही, म्हणून आल्या आल्या लिहायला बसले.

मी होते त्या पंधरवड्यात तू रोज संध्याकाळी दुकानातून येऊन एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचीस आणि काही न विचारता भांडी घासायला घ्यायचीस. पहिल्या दुपारी काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. तो शेजारच्या खोलीत असायचा आणि तुझं घर केवढं ते मला आता पुन्हा कळलंय. म्हणून लिहिते.

तू शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या किल्लीने मी दार उघडलं. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. मी त्याला ओळखलं नाही, वहिनी. खिडकीतून त्याच्या मागून उजेड येत होता म्हणून असेल असं मी स्वतःला सांगितलं. त्याने शेजारची पाटी घेतली, लिहिलं आणि माझ्याकडे वळवली. 'कोणी बोलावलं?'

मी म्हटलं, "कोणी नाही. किसणी कुठे आहे?"

मला वाटलं, आता भिंतीकडे तोंड करणार. मग बोटाने स्वयंपाकघराचं कपाट दाखवलं.

मी ओट्याशी उभी राहून किसायला लागले. कंद चिवट असतात, दोऱ्यासारखे. दुसऱ्याच कंदाला माझं बोट सोललं. मागून पावलं आली, त्याने माझ्या हातातून किसणी काढून घेतली, तिच्याखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ती सरकत नाही, आणि स्वतः किसायला लागला. एकसारखा, वरून खाली. माझ्याकडे न बघता कुजबुजला, "तिरपा धर म्हणून लहानपणी किती वेळा सांगितलं." सात वर्षांनंतर तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "तू गाजराला सांगितलं होतंस." त्याचे खांदे हलले. हसला की खोकला ते कळलं नाही.

मग गाळून पातेलं ठेवलं आणि पीठ खाली बसायची वाट बघत आम्ही दोघं जमिनीवर बसलो, पातेल्याच्या दोन बाजूंना. पाणी आधी दुधासारखं असतं, मग वरून हळूहळू नितळ होत जातं. मी काही विचारणार नव्हते, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

तोच बोलला. वाक्य तोडून तोडून, मध्ये पाण्याचे घोट घेत. म्हणाला, "बाबांनाही शेवटी गिळता येत नव्हतं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"तुला कळवायचं नाही म्हणाले. बारकीने मला असं बघायचं नाही. माझ्याकडून वचन घेतलं."

"आणि तू दिलंस."

"बाप मागत होता."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरला तो माणूस समोर होता आणि राग ज्याच्यावर धरायचा तो आता नव्हता. शिवाय तो बाबा होता. मी विचारलं, "मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी दारात उभी राहून तुला वाट्टेल ते बोलले."

त्याने पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "तू बाबांसाठी रडत होतीस. त्यात बाबांचीच तक्रार कशी सांगू?"

मी म्हटलं, "मी बघितलं असतं, दादा. त्यांना. जसे होते तसे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आता माहीत आहे."

एवढंच झालं. मग आम्ही वरचं पाणी ओतून दिलं. तळाला पांढराशुभ्र थर होता. त्याने त्यात बोट बुडवून बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'एवढ्या कंदांचं एवढंच?' दुकानदाराने मापात फसवल्यासारखा चेहरा करून.

पहिला चमचा दिला तेव्हा तू होतीस, गिळण्याच्या बाई होत्या, ते तुला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "हनुवटी खाली, आणि घाई नको." त्याची मान हलली, कंठमणी वर गेला, खाली आला. तू ओट्याकडे तोंड करून उभी होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. त्याने दुसऱ्या चमच्यासाठी तोंड स्वतः उघडलं.

कंद अजून तीन पिशव्या तरी लागतील. मी महिन्याने घेऊन येईन. किसणी नवी घ्या, जुनीचे दात गेलेत.

बारकी


३ मे

प्रिय बारके,

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. पण मी ते वाचत असताना तो माझ्याकडे बघत होता, आणि वाचून झाल्यावर विचारलंन, "सगळं सांगितलं का तिने?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाला, "बरं झालं. माझा आवाज वाचला."

मला एक गोष्ट कळली, ती तुला सांगते. बाबांच्या त्या दिवसांत मी याच घरात होते. वचन मलाही माहीत होतं. मला तेव्हा ते योग्यच वाटलं होतं, मुलीला त्रास नको. ते करताना तुझ्यापासून काय काढून घेतलं जातंय, हा विचार माझ्या मनात आला नाही. तो तुझा दादा तेच शब्द बोलला तेव्हा कुठे आला.

आता बातमी. पोटाची नळी नको ठरलं. तीस तारखेला गिळण्याच्या बाईंनी यंत्रावर बघितलं. म्हणाल्या, अजून ठसका लागतो, पण घसा शिकतोय. नाकातली नळी अजून आठ दिवस ठेवू, मग काढू. ते ऐकून हा माणूस त्या बाईंना काय म्हणाला असेल? "लिफ्टचं तसंच असतं, आधी रिकामी चालवून बघायची." त्या बाईंना काही कळलं नाही, त्यांनी मान डोलावली.

आरारुटाचा मात्र त्याला कंटाळा यायला लागलाय. काल म्हणाला, यात थोडं मीठ घालून बघ. बारके, मीठ मागितलंन.

तुझी,
वहिनी


११ जून

बारके,

हे पत्र मी लिहितोय, तुझी वहिनी नाही. अक्षर ओळखलं असशील, अजून तसंच आहे.

नळी निघाली. सकाळी एक वाटी तुझी खळ, दुपारी सूप, गाळून. आठवड्यापूर्वी मऊ अंडं गेलं. चव अजून धड नाही, पण लोखंडाऐवजी आता पुठ्ठ्यासारखं लागतं. तुझी वहिनी म्हणते ही सुधारणा आहे. मला पुठ्ठ्याचा अनुभव नाही.

तू मागच्या खेपेला आणलेल्या पिशवीतले चार कंद जुने होऊन त्यांना कोंब आले. ते मी बादलीत लावले. वहिनी म्हणाली, शेतकऱ्याकडून आणता येतात की. मी म्हटलं, नाहीतरी बसूनच आहे.

मुकादम येऊन गेले. आवाज आला की पुन्हा कामावर ये म्हणाले. मी म्हटलं, लिफ्टला आवाजाची काय गरज? पण खड्ड्यात माणूस असताना वरच्याने ओरडून सांगावं लागतं, ते मलाही माहीत आहे. बघू.

माझी मोठी तपासणी काल झाली. गाठ गेली की नाही ते गुरुवारी दुपारी सांगणार आहेत. तुझ्या वहिनीला मी सांगितलंय, निकाल काहीही असो, आधी बारकीला. शेजाऱ्यांना नंतर, मुकादमांना नंतर. ती म्हणाली, तूच कर फोन. मला ते पटलं. पण दुपारपर्यंत माझा आवाज दमतो, कधी कधी अजिबात निघत नाही, नुसता श्वास येतो.

तेव्हा गुरुवारी फोन वाजला आणि पलीकडून कोणीच बोललं नाही, तर ठेवू नकोस. मी असेन.

दादा